वाचकांची पसंती अडीच

"आज मार्गदर्शक बाईंची सही झालीच म्हणून समजा!" ग्रंथपालांनी सकाळीच जाहीर करून टाकलं. त्यांच्या शोधप्रबंधाला दोनदा मुदतवाढ घेऊन झाली होती, तिसरी मिळणार नव्हती. सही नाही, तर सात वर्षं पाण्यात! पण स्वारी खुशीत होती.

विषय होता वाचनालयात लोकांना बसायला कुठे आवडतं. शंभर वाचकांना विचारून त्यांनी उत्तरांना नंबर दिले होते. खिडकीला एक, पंख्याखालच्या जागेला दोन, दाराला तीन आणि काउंटरला चार, कारण तिथे ताजा पेपर आधी हाती लागतो. मग सगळ्यांची बेरीज करून शंभराने भागलं. उत्तर आलं अडीच!

"दोन म्हणजे पंखा, तीन म्हणजे दार," त्यांनी शिपाईमामांना समजावलं. "लोकांना दोघांच्या बरोब्बर मधे बसायचंय. हलवा सगळी टेबलं!"

"साहेब, तिथून जायची-यायची वाट आहे."

"शास्त्रापुढे वाट काय घेऊन बसलात!"

दुपारी रोजचे आजोबा आले.

"माझी खिडकी?"

"सरासरी पाहता, आजोबा, तुम्हाला खिडकी आवडत नाही!"

आजोबा मागे फिरले. त्यांच्या मागोमाग बाकीचेही बाहेर पडले.

चार वाजता मार्गदर्शक बाई टेबलांमधून अंग चोरत कशाबशा आत आल्या. तक्ता पाहून त्यांनी कपाळाला हात लावला.

"अहो, हे नंबर म्हणजे नुसती नावं! दार काय खिडकीच्या तिप्पट आहे? नावांची कसली सरासरी काढता? डोकी मोजा!"

मोजली. खिडकी चाळीस, काउंटर बेचाळीस, पंखा बारा आणि दार अवघं सहा. ग्रंथपालांचा चेहरा पडला.

बाईंना दया आली. "आता टेबलं हलवलीच आहेत, तर आजच्या वाचकांनाही विचारून या. आधीची आणि नंतरची मोजणी शेजारी मांडू, फरक खरा की योगायोग ते सांगणारी काय-स्क्वेअर चाचणी लावू. फरक दिसला तर सही करते."

ग्रंथपाल धावतच बाहेर गेले. पायऱ्यांवर एकोणीस वाचक बसले होते.

"तुम्हाला कुठे बसायला आवडेल?"

"घरी!" एकोणीसच्या एकोणीस जणांनी सांगितलं.

बाईंनी कागद पाहिला. "याला चाचणीसुद्धा नको," म्हणत त्यांनी सही ठोकली. "फक्त निष्कर्षात एक ओळ घाला."

ग्रंथपालांनी उत्साहाने पेन उघडलं. "सांगा, बाई!"

"वाचक कमी होण्याचं मुख्य कारण, ग्रंथपाल."