मनूच्या जांभळीवरच्या माशा

पलूसच्या नाथाजीच्या दारातल्या जांभळीवर, सालीला चिकटून बसलेल्या बारीक काळ्या माशा दिसल्या आणि शेतकी साहेबानं झाडच तोडायला सांगितलं. साल पोखरणारी माशी असली तर सगळ्या शिवारात पसरेल, म्हणाला. त्याची मनू जन्मली तेव्हा लावलेलं ते रोप. मनू लहानपणीच तापानं गेली, जांभळी मात्र वाढत राहिली. त्याची बायको राहीबाई 'मनू, ये गं' म्हणूनच तिला पाणी घालायची. ती तोडायची म्हणजे पोरगी दुसऱ्यांदा पोचवायची.

नाथाजीनं साहेबाचे पाय धरले. माशी निरुपद्रवीही असेल, हे साहेबाला मान्य होतं. पण ते ठरवणार पुण्याचा किड्यांचा साहेब. डबीतून न्याव्यात तर वाटेतच माशांचा भुगा व्हायचा. तेव्हा जवळून फोटो काढून आणा, असं ठरलं.

फोटो म्हटलं की सांगलीचे हुसेनभाई. लग्नाच्या मुलींचे फोटो त्यांनीच काढावेत. विलायतेतल्या लढाईमुळं फोटो उतरवायच्या काचा मिळत नव्हत्या. जवळ होती ती शेवटची काच त्यांनी नाथाजीसाठी खर्ची घातली. फोटो तयार झाला. साल कशी, तर नवरीच्या गालासारखी गुळगुळीत, आणि माशी औषधालाही नाही.

"माशा कुठं हायत?" नाथाजीनं विचारलं.

"होत्या की, लय होत्या," हुसेनभाई म्हणाले. "एकेक करून काचेवरच शाईनं बुजवल्या. देवीचे व्रण घालवतो मी, माशांचं काय घेऊन बसलात."

आता बोला! जन्मभर डाग पुसणारा हात, तो माशी कशी राहू देईल? हुसेनभाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसरी काच नाही, साहेबाचा तगादा मागं. अखेर त्यांनी कुंचला घेतला आणि फोटोवर आठवून आठवून माशा परत बसवल्या. पण कसलंही चित्र असो, देखणं केल्याशिवाय या माणसाला चैन पडायची नाही. माशांना बारीक कंबर आली, झालरीचे पंख आले, आणि पाय शोभतील तेवढे आले.

फोटो पुण्याला गेला आणि पाठोपाठ तिथला साहेबच येऊन थडकला. असली माशी त्यानं जन्मात पाहिली नव्हती. झाडाला कुणी हात लावायचा नाही, त्यानं बजावलं. राहीबाईनं त्याला पुरणपोळी जेवू घातली. नाथाजीला कित्येक दिवसांनी अन्न गोड लागलं.

पण दैव देतं आणि कर्म नेतं. खऱ्या काळ्या माशा साहेबानं भिंगातून बघितल्या. या साध्याच, झाडाला यांचा काही त्रास नाही, म्हणाला. त्याला हवी होती फोटोतली. ती सालीवर दिसेना, म्हणजे सालीखाली असणार. त्यानं बिराप्पा शिपायाला साल सोलायला लावली.

जागा दाखवायला हुसेनभाईंना बोलावलं होतं. सरकारला फसवलं म्हटल्यावर तुरुंगच होता. तरी ते पुढं सरले.

"साहेब, ती माशी मी..."

नाथाजीनं त्यांचा दंड घट्ट धरला. "गप ऱ्हावा, हुसेनभाई," तो हळूच म्हणाला. "तुमची पोरं जिती हायत."

बुंध्याची साल सभोवार निघाली. माशी काही सापडली नाही. तरी साहेबानं आशा सोडली नाही. पुढच्या वर्षी परत येतो म्हणाला आणि झाडाला हात लावू नये अशी पाटी ठोकून गेला.

शिमग्यापर्यंत जांभळी खडखडीत वाळली. राहीबाईनं पाणी घालायचं थांबवलं. बरेच दिवस ती त्या बाजूला बघायचीच नाही. एकदा मात्र तिला राहवलं नाही.

"मढं इतकं दिस दारात ठेवत न्हाईत," ती म्हणाली. "तोडा आता तिला."

"तोडता येत न्हाई," नाथाजी म्हणाला. "सरकार जपतंय तिला."