बावीस हात वर, एक बाद

मुलांनो, एक हात वर करा बघू. कुठलाही चालेल. बोटं फाकवा. आता समजा, समोर काळा कातळ आहे आणि तुमच्या हाताचा लाल ठसा त्यावर उमटला आहे. दिसला? हात वरच राहू द्या. गोष्ट लहान आहे.

टिटवाळ्याच्या एका टेकडीतल्या गुहेत असे तेवीस हात होते. बावीस मोठे आणि अगदी खाली एक लहान. किती हजार वर्षांपूर्वीचे, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. पाचवीतल्या रुचिताला ते करवंदं शोधताना सापडले. तिने त्या लहान हातासमोर न टेकवता आपला हात धरला. बोटाला बोट जुळलं. तेव्हापासून तो हात तिला मैत्रिणीचा वाटू लागला.

पण रुचिता राहायची त्या संकुलाचा दुसरा टप्पा नेमकी तीच टेकडी कापून उभा राहणार होता. गुहा वाचावी म्हणून तिने सरकारी कार्यालयाला पत्र लिहिलं. कोणा मोठ्या माणसाला विचारलं असतं, तर त्याने तिला ही चूक करू दिली नसती.

कार्यालयाने तातडीने, म्हणजे आठ महिन्यांनी, समिती पाठवली. धनेशसाहेब अध्यक्ष, नौपाड्याच्या प्राध्यापक सरोज मॅडम तज्ज्ञ, आणि स्थानिक प्रतिनिधी म्हणून बिल्डर विश्रामशेठ; टेकडीबद्दल त्यांच्याइतकी आस्था दुसऱ्या कोणाला होती?

गुहेत शिरताच धनेशसाहेबांनी प्रपत्र काढलं. "रकाना नऊ. चित्रांचा हेतू. हा रिकामा ठेवता येत नाही. विनाहेतू रंगकाम म्हणजे विद्रूपीकरण, त्यावर चुना मारावा लागतो. बोला मॅडम."

"शिकार चांगली व्हावी म्हणून अशी चित्रं काढत, असं एक मत आहे."

"शिकारीला प्रोत्साहन? वनखातं माझ्या मानगुटीवर बसेल."

"मग पूजाविधी?"

"कोणाची पूजा, ते लिहावं लागेल. उद्या दोन मंडळं येतील, परवा बंदोबस्त."

"कदाचित नुसती हौस म्हणूनही..."

"मॅडम, हौस 'इतर'मध्येसुद्धा बसत नाही."

अर्जदार म्हणून बोलावलेल्या रुचिताला राहवेना. "साहेब, मी सांगू? आम्ही इथे राहतो, एवढंच सांगायचं असेल त्यांना. आणि त्या छोटीला आई म्हणाली असेल, ये गं, तू पण लाव हात."

धनेशसाहेबांचं पेन थांबलं. "राहतो! म्हणजे हा रहिवासाचा पुरावा झाला. मग मूळ रहिवासी हेच. यांच्या संमतीशिवाय टेकडीचा दगडही हलवता येणार नाही."

रुचिताला वाटलं, जिंकलो आपण! तिने हळूच त्या लहान हाताकडे पाहिलं.

विश्रामशेठ मात्र हसले. "संमती? साहेब, भिंतीकडे नीट बघा ना. सगळ्यांनी हात वर केलेत."

सरोज मॅडम चष्मा पुसू लागल्या.

"खाली केलेला एक तरी हात दिसतो का, मॅडम?" विश्रामशेठनी विचारलं.

"तसा... दिसत नाही खरा."

"बघा! सर्वसाधारण सभाच झाली ही. तेवीस हजर, तेवीस अनुकूल."

"तेवीस नाही," धनेशसाहेब नियमाला पक्के होते. "तो खालचा अल्पवयीन आहे. बाद. बावीस."

आणि रकाना नऊमध्ये सुवाच्य अक्षरात लिहिलं गेलं : टेकडीच्या विकासास संमती.

पूर्वजांच्या ठरावाला आजच्या रहिवाशांचं अनुमोदन हवं, म्हणून रविवारी संकुलाच्या हॉलमध्ये सभा झाली. विश्रामशेठनी जाहीर केलं, की गुहेची स्मृती कायम राहावी म्हणून नव्या टप्प्याचं नाव 'गुंफा हाइट्स' राहील. टाळ्या पडल्या. मग हात वर झाले. त्यांत रुचिताच्या बाबांचाही होता.

"बाबा, तुम्ही कशाला केला?"

"अगं, सगळ्यांनी केला ना. एकट्यानेच खाली ठेवला तर कसं दिसतं ते?"

"पण कशासाठी करायचा होता, ते ऐकलंत तरी?"

"माईक नीट नव्हता गं. चल, वडे गार होतायत."

हसू नका. तुमचाही हात मघापासून वरच आहे. का वर करायचा, हे तुमच्यापैकी एकानेही मला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबी टेकडीशी येऊन उभा राहिला. गुहेच्या तोंडाशी पांढराशुभ्र फलक लागला होता : 'मूळ रहिवाशांच्या संमतीने. सर्वानुमते मंजूर.' दप्तर पाठीला लावून रुचिता तिथे आली. आई कुंड्या रंगवायची, तो गेरू तिने डब्यात कालवून आणला होता. तिने डबा उघडला, हात मनगटापर्यंत बुडवला आणि 'सर्वानुमते' या शब्दावर लालभडक ठसा उमटवला.

बोटं खाली करून.