नात्याशिवाय फोटो नाही

आमच्या शेजारचे नाना रस्त्यावरच्या अनोळखी माणसांचे फोटो काढतात, पण माणूस अनोळखी असेतोवर काढत नाहीत. गोंधळलात ना? मीही गोंधळले होते. नियम असा, की चेहरा आवडला की आधी त्या माणसाशी नातं शोधायचं. ते सापडलं तरच बटण दाबायचं. तोवर कॅमेरा गळ्यात लोंबत राहतो.

नाना धुळ्याचे, आजोळ सोनगीर, नोकरी दीपनगरला आणि निवृत्तीनंतर मुक्काम जळगावात. "गाव कोनतं शे, भाऊ?" इथून सुरुवात. मग समोरच्याचं आजोळ, बायकोचं माहेर, बहिणी कुठे दिल्या. तेवढ्यात त्या बिचाऱ्याची बस निघून जाते. एकदा पंजाबचा एक ट्रकवाला गाठ पडला. आता याच्याशी कसलं नातं काढणार? पण तो हायवेवर जेवायला सोनगीरला थांबतो एवढं कळलं मात्र, नानांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला. "हाऊ ते मना मामा शे!" मामा पंचविशीचा, भाचा अडुसष्टचा. पण त्या फोटोत मामा असा मोकळा हसलाय की बघत राहावं. फोटोच्या पाठीमागे नाना नातं लिहून ठेवतात. 'साडूच्या व्याह्याचा चुलतभाऊ' हे त्यातल्या त्यात जवळचं.

अडले ते असोद्याच्या अक्कांपाशी. अक्का बाजारात घरच्या मळ्यातली भरिताची वांगी घेऊन बसतात. चेहरा असा की नाना तिथेच खिळले. पण नातं काही लागेना. अक्कांचं माहेर, सासर, लेकी, सुना सगळं पंचक्रोशीत, आणि नानांचं त्यात कोणीच नाही. नाना रोज नवा धागा घेऊन जायचे. रिकाम्या हाताने चौकशी कशी करायची, म्हणून रोज दोन वांगी घ्यायचे आणि आमच्या ओट्यावर आणून ठेवायचे. "मला वांगं बाधतं," म्हणायचे. दिवाळीपासून आमच्याकडे भरीत, भरीत आणि भरीत. आमचे हे आधी ताटाकडे बघायचे, मग माझ्याकडे.

संक्रांतीच्या सुमारास माझं डोकं फिरलं. मी नानांच्या मागोमाग बाजारात गेले आणि अक्कांना सरळ सांगितलं, की या माणसाला वांगी देऊ नका, याच्या घरी खाणारं कोणी नाही. नानी गेल्यापासून यांच्याकडे गॅस पेटतो तो फक्त चहापुरता.

बोलून गेले आणि जीभ चावली. गावभर नाती जोडणारे नाना मान खाली घालून उभे होते. खरं तर सगळी नातीगोती नानींना पाठ होती. लग्नात, बारशात त्या कानात सांगायच्या, हा कोण, ती कोण, आणि नाना नुसती मान हलवायचे. नानी गेल्या आणि दारावर येणारी माणसंही हळूहळू थांबली. माझ्या तोंडाळपणाची मला लाज वाटली.

अक्कांनी तराजू खाली ठेवला.

"येवढं सांगता येत नव्हतं का रे, भाऊ? दोन महिने माह्या आजोळाचीच चौकशी करून राह्यला."

नानांनी हातातलं वांगं परत टोपलीत ठेवलं.

"वांगे भाजून द्याले बहीन लागते. आता काढ तुहा फोटो."

त्यांनी पदर सारखा केला आणि नानांकडे बघितलं. नानांनी कॅमेरा उचलला, खाली घेतला, चष्मा पुसला, पुन्हा उचलला. शेवटी एकदाचा फोटो निघाला.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी स्टीलच्या डब्यात भरीत आणि कळण्याची भाकरी दिली. नानांनी तो डबा आमच्याच ओट्यावर बसून चाटूनपुसून संपवला. बाधेल ना, असं मी विचारलं, तर ऐकूच आलं नाही.

फोटो पार हललेला आहे. अक्का तर दगडासारख्या बसल्या होत्या. म्हणजे हात कुणाचे हलले ते उघड आहे. मी दुसरा काढा म्हटलं, तर नानांनी ऐकलं नाही. तोच त्यांनी नानींच्या फोटोशेजारी लावलाय. परवा नानांकडे धूळ पुसताना मी तो उलटून पाहिला. पाठीमागे नेहमीची लांबलचक साखळी नव्हती. नुसतं 'बहीण' लिहिलं होतं.