डब्यातली नववी फोड

फक्त एकदाच, असं तिने ठरवलं होतं. एकदाच, आणि तोही घाईघाईत.

(वास. डब्यातल्या तंबाखूचा. भलता गैरसमज नको.)

रविवारची सकाळ, दहाला दहा कमी. नवरा बाथरूममध्ये गात होता. सासूबाई बाहेरच्या खोलीत लोकरीचं काहीतरी विणत होत्या. त्याचं टोपडं होणार की मोजा, हे त्यांनी अजून जाहीर केलेलं नव्हतं. दहा महिन्यांची भिंगरी त्यांच्या पायाशी लोकरीच्या गुंड्याशी कुस्ती खेळत होती. स्वयंपाकघरात ती एकटी, ओट्यावर चिरायच्या पाटीवर सफरचंदाच्या सोललेल्या आठ फोडी, आणि फ्रिजच्या डोक्यावर तो डबा. पत्र्याचा, गोल, झाकणावर जहाजाचं चित्र.

हे कोणी पाहिलं असतं तर तिची अब्रूच गेली असती. कारण या घरातल्या पाइपविरोधी आघाडीची अध्यक्ष, चिटणीस आणि एकमेव सभासद तीच होती.

नवरा एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायचा. साहेब पाइप ओढतात, म्हणून वर्षापूर्वी यानेही पाइप आणला. "विचार करायला बरा पडतो," म्हणाला. पण विचार करायला त्याला फुरसत मिळेल तर ना! आधी पाइप कोरायचा, मग भरायचा, दाबायचा, काडी लावायची, तो विझला की पुन्हा दाबायचा, पुन्हा काडी. अशी अर्धा तास मशागत झाली की चार मिनिटं धूर. त्या चार मिनिटांत ठिणगी उडून शर्टाला भोक. पाच शर्ट झाले होते. त्यातला एखादा घातला की सासूबाई नुसतंच म्हणत, "हवेशीर आहे हो."

भिंगरी झाली आणि तिने कंबर कसली. गॅलरीच्या दारावर सहा कलमांची सूचना लावली: पाइप गॅलरीतच, दार घट्ट बंद, परत आल्यावर हात-तोंड धुणे, शर्ट बदलणे, आणि त्यानंतर वीस मिनिटं बाळाला हात लावायचा नाही. सहावं कलम होतं, 'या सूचनेवर विनोद करू नयेत.' (ग्रंथालयात नोकरीला होती ती, सध्या रजेवर. सूचना लावण्याची सवय बोटांतच होती.)

धुराचा तिला खरोखरच तिटकारा होता. पण न पेटवलेली तंबाखू! ती गोष्टच निराळी. झाकण उघडलं की व्हॅनिला, मागोमाग मध, आणि तळाशी कुठेतरी पावसाळ्यात उघडलेल्या जुन्या लाकडी कपाटाचा वास. रात्री चार वेळा उठणाऱ्या बाईला असा वास म्हणजे दोन मिनिटांची रजाच. पहिल्यांदा तिने डबा हुंगला तो 'घातक आहे का ते तपासायला'. त्यालाही आता आठ महिने होत आले होते. तपासणी अजून चालू होती.

एक अडचण होती ती फोडीची. तंबाखू सुकू नये म्हणून नवरा डब्यात सफरचंदाची एक फोड ठेवायचा आणि दर रविवारी संध्याकाळी ती बदलायचा. पाइपवाले असंच करतात म्हणे. पण वास घेताना ती फोड नेमकी नाकाच्या आड यायची. म्हणून तिने ती उचलून ओट्यावरच्या पाटीवर ठेवली, डोळे मिटले आणि नाक थेट डब्यात घातलं.

अहाहा.

आणि बाथरूमची कडी वाजली.

पुढचं सगळं चार सेकंदांत झालं. झाकण लागलं, डबा फ्रिजवर गेला, आणि आपण कामात आहोत हे दिसावं म्हणून पाटीवरच्या फोडी तिने सरसकट वाफवायच्या भांड्यात लोटल्या.

"काय चाललंय?" केस पुसत नवरा आत आला.

"काही नाही! भिंगरीचं सफरचंद!" ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की बाहेर सासूबाईंचा एक टाका सुटला.

फोडी वाफल्या, गार झाल्या. भिंगरी उंच खुर्चीत बसली. आज ती विचित्रच वागत होती. दर घासाला आईच्या नाकाकडे झेपावत होती, हसत होती, पुन्हा नाकाकडे बोट नेत होती. कशाबशा पाच फोडी पोटात गेल्या. उरलेल्या चार नवऱ्याने रोजच्याप्रमाणे उभ्या उभ्या संपवल्या. (लेकीची उष्टी बशी म्हणजे त्याचा दुसरा नाश्ता.) तिने वहीत नोंद केली: '१०.२५, सफरचंद, फोडी ५.'

मग नवरा पेपर घेऊन बाहेरच्या खोलीत गेला आणि तिला आठवलं, डब्यातली फोड परत ठेवायची राहिलीच.

पाटी रिकामी होती.

तिने वही पाहिली. पाच. नवऱ्याच्या चार. पाच आणि चार नऊ. कापल्या होत्या आठ.

आठवडाभर तंबाखूत मुरलेली फोड! वाफवल्यावर सगळ्याच तांबूस, सगळ्याच मऊ, ओळखणार कशी? तिने कपाटातून बालसंगोपनाचं जाडजूड पुस्तक ओढलं आणि विषबाधेचं पान काढलं. लाळ गळणे. तिने भिंगरीकडे पाहिलं. लाळ गळत होती. चिडचिड. भिंगरी चमचा भिरकावून किंचाळली. अन्न बाहेर काढणे. झबल्यावर पुरावा होताच. कारण नसताना सुस्ती. भिंगरीने जांभई दिली.

(हाच लेकीचा रोजचा कार्यक्रम आहे, हे तिला कळत होतं. पण कळणं आणि धीर धरणं ही दोन वेगळी खाती.) आणि ते नाकाकडे झेपावणं? ते तर पुस्तकात कुठेच नव्हतं. म्हणजे प्रकरण पुस्तकाच्याही पलीकडे गेलं!

"अरे, ऊठ! डॉक्टरांकडे जायचंय!"

"कशाला?"

"तुझ्या त्या डब्यातली फोड हिच्या फोडींत मिसळली गेलीय!"

नवऱ्याच्या हातातला पेपर खाली आला. "मिसळली गेली? कशी काय? डबा तर फ्रिजवर असतो."

"हे विचारायची वेळ आहे का ही?" ती कडाडली. (खरं तर हीच वेळ होती. म्हणून तर कडाडली.)

"आई, तुम्ही घरी थांबा. आम्ही येतोच."

सासूबाईंनी चष्म्यावरून सुनेच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "अगं, जरा थांब, तुझ्या..."

"आई, आत्ता एक सेकंदही नाही!"

मुलांच्या डॉक्टरांचा दवाखाना समोरच्याच इमारतीत तळमजल्यावर होता. जिना उतरताना नवऱ्याला उचकी लागली. रस्ता ओलांडताना दुसरी. काउंटरवरच्या मुलीने नाव लिहिताना तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. 'माझी अवस्थाच तशी झाली असणार,' असं म्हणत तिने केस सारखे केले.

डॉक्टरीणबाईंनी भिंगरीचे डोळे पाहिले, पोट दाबलं, छातीला नळी लावली. भिंगरीने नळी पकडून असा हिसका दिला की बाई टेबलावर ओणव्या झाल्या.

"पल्स उत्तम. ताकद जरुरीपेक्षा जास्त. काय खाल्लंय म्हणालात?"

"सफरचंद. म्हणजे नऊ फोडींतली एक पाइपच्या तंबाखूत ठेवलेली होती. ती मिसळली गेली."

"कोणी मिसळली?"

"मिसळली गेली," ती ठामपणे म्हणाली.

"हं." डॉक्टरीणबाई तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिल्या. "कधी खाल्ली?"

"दहा पंचवीसला. ही वही बघा. ती मधेच नाकाकडे हात नेतेय, मॅडम. मज्जासंस्थेचं तर काही नाही ना?"

"कोणाच्या नाकाकडे?"

"माझ्या."

"मग तिची नजर फारच चांगली आहे," असं काहीतरी पुटपुटत बाई वळल्या आणि एकदम थबकल्या. "हे कोण?"

"मी वडील," असं नवऱ्याला म्हणायचं होतं. पण 'मी'नंतर उचकी आली. चेहऱ्याचा रंग कोवळ्या भेंडीसारखा झाला होता, कपाळावर घाम. तो भिंतीवरच्या कागदी जिराफाला धरून उभा होता.

"मिस्टर, बसा. बसा आधी! सिस्टर, बादली!"

पुढच्या पाच मिनिटांचं वर्णन करण्यात अर्थ नाही. बादली पिवळी होती आणि तिच्यावर बदकं होती, एवढं सांगितलं की पुरे. मग नवऱ्याला लहान मुलांच्या तपासणीच्या टेबलावर आडवं केलं. गुडघ्यापासून खालचे पाय बाहेर लोंबत होते. भिंगरीने त्याच्या अंगठ्याशी खेळायला सुरुवात केली. तिला इतका मोठा खुळखुळा आजवर कोणी दिला नव्हता.

"चव वेगळी लागली नाही का तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"लागली ना," तो क्षीण आवाजात म्हणाला. "व्हॅनिलाची. मला वाटलं, हिने आज काहीतरी खास घातलंय. मी... मी आणखी आहे का विचारणार होतो."

"नशीब समजा, ती तुमच्या वाट्याला आली. तासभर इथेच पडून राहा, मी लक्ष ठेवते. पण हीच बाळाच्या पोटात गेली असती तर मी अशी हसत बसले नसते, हे दोघंही ध्यानात ठेवा."

ती मटकन खुर्चीत बसली. भिंगरीला तिने असं आवळलं की भिंगरीने निषेध नोंदवला. मग, श्वास जागेवर आल्यावर, तिला जाणवलं: आपण जिंकलोय. दहा महिन्यांची लढाई, सहा कलमं, पाच शर्ट. आणि शत्रू समोर आडवा, जिराफाखाली, शुद्धीवर.

"मग?" तिने विचारलं.

"सोडला," नवरा म्हणाला. "आजपासून पाइप सोडला. डबा टाकून दे. साहेबांना सांगतो, मी बिनविचाराचाच बरा."

घरी परतताना ती एखाद्या विजयी सेनापतीसारखी पुढे, नवरा मागे. त्याला सोफ्यावर निजवलं, डोळ्यांवर ओला रुमाल ठेवला, आणि मग ती बाहेरच्या खोलीच्या मधोमध उभी राहून बोलली. काय बोलली! घरात लहान मूल असताना माणसाने आपल्या शौकांना कसा आवर घालावा. आपल्या क्षणभराच्या सुखापायी दुसऱ्याच्या जिवाशी कसं खेळू नये. शिस्त कशी स्वतःपासून सुरू होते. मध्येच तिचा स्वतःचाच आवाज भरून आला. सासूबाईंनी विणणं थांबवून ऐकलं. नवऱ्याने रुमालाखालून दोनदा "बरोबर आहे" म्हटलं. भिंगरी आईच्या कडेवरून नाकाकडे झेपावत राहिली.

"आता या गोष्टीचा वाससुद्धा या घरात नको!" असं म्हणून तिने भाषण संपवलं आणि टाळ्यांची वाट पाहिली.

सासूबाई उठल्या. पदराचं टोक ओलं केलं आणि सुनेच्या नाकाचा शेंडा हलकेच पुसला. पदरावर तपकिरी, कुरळी, नखभर तंबाखूची कातर आली. त्यांनी ती नाकाशी नेली, हुंगली आणि समाधानाने मान हलवली.

"सकाळपासून होती," त्या म्हणाल्या. "मगाशी सांगणारच होते, तर तू पळालीस. आणि आत्ता इतकं छान बोलत होतीस, मध्ये तोडावंसं वाटेना."

तिच्या डोळ्यांपुढून काउंटरवरची मुलगी गेली. डॉक्टरीणबाई गेल्या. 'मिसळली गेली' गेलं, दोन वेळा.

सोफ्यावरचा रुमाल एका डोळ्यावरून सरकला.

"अरेच्चा," नवरा म्हणाला. "तो तीळ नव्हता?"

"तीळ?"

"मला वाटलं, पहिल्यापासूनच असेल. चार वर्षं झाली लग्नाला, आता विचारावं कसं? म्हणून गप्प बसलो."

सासूबाईंनी पुन्हा सुया हातात घेतल्या. नवरा काही क्षण छताकडे पाहत राहिला; त्याच्या डोक्यात नऊ फोडींचा हिशोब हळूहळू जुळत असल्याचं तिला स्पष्ट दिसत होतं. मग त्याने रुमाल पुन्हा डोळ्यांवर ओढून घेतला.

"सोडला म्हणजे सोडलाच," तो रुमालाखालून म्हणाला. "पण डबा उद्या टाकू. तुझं सकाळचं हुंगणं अर्धवटच राहिलं ना!"