पंखाची सुई आणि फिटरसाहेबांची कानस

शिवणकाकूंनी सहावा रुमाल सुईखाली सरकवला आणि मशीन चालू केलं. मशीन छान धावलं, पण कापडावर जाळी काही उमटेना. नुसती सरळ टीप. तसली टीप काकू झोपेतही घालू शकत होत्या.

"अहो, माझ्या सुईला कोणी हात लावला होता?"

फिटरसाहेब, म्हणजे काकूंचे निवृत्त यजमान, शाबासकीच्या तयारीने आत आले. "हात? ठाकठीक केली चांगली! दोन्ही बाजूंनी चेपून पसरली होती. बारीक कानशीनं घासली, वर पॉलिश पेपर मारला. तास गेला माझा."

काकूंनी कपाळावर हात मारला. "पंख होते ते! त्यांच्यामुळंच कापडाला भोक पडतं, आणि भोकाभोवती टाके बसले की जाळी होते."

"सुईला पंख? ती काय उडणारे?"

"ती नाही, आता तुम्ही उडाल!"

गेली वीस वर्षं काकूंनी लोकांच्या चेनी बदलल्या होत्या आणि फाटके खिसे शिवले होते. नक्षीचं काम कोणी दिलंच नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदाच सहा रुमाल नमुन्यादाखल करायला सांगितले होते. पाच कालच झाले होते. आवडले तर जेवणाच्या टेबलाचा अख्खा संच काकूंना मिळणार होता. बाई यायला तीन तास उरले होते.

काकूंनी दुकानात फोन लावला. दुकानदार म्हणाला, "शेवटची तुम्हीच नेलीत की. आता गुरुवारी येतील."

फिटरसाहेबांचा चेहरा पडला. पण आयुष्यात एकही मशीन अर्धवट सोडलं नव्हतं त्यांनी. "सुई मीच घडवतो," असं म्हणून त्यांनी हातोडी काढली. पहिली सुई ठोकताना तुटली. दुसरीला एकाच बाजूला पंख फुटला. तिसरी कापडात शिरली ती बाहेर यायलाच तयार होईना. काकूंना आधी चिंधीवर चालवून बघायची सवय होती, म्हणून रुमाल वाचला.

"मशीन राहू दे," फिटरसाहेब म्हणाले. "भोकं मी पाडतो, टाके तू घाल."

त्यांनी दाभण घेतलं, पट्टी घेतली आणि कारखान्यातून निरोपाला मिळालेलं मोजमापाचं यंत्रही घेतलं. एकेक भोक मोजून पडू लागलं.

"पुढचं पाडा ना!"

"थांब, पाव मिलिमीटरचा फरक येतोय."

"अहो, रुमाल आहे तो, इंजिन नाही!"

तिसऱ्या कोपऱ्यापर्यंत काकूंचा राग कधीच विरघळला होता. एका टेबलाशी इतकं डोक्याला डोकं लावून दोघं बसल्याला वर्षं लोटली होती, आणि काकूंना चक्क मजा येत होती.

चौथ्या कोपऱ्यावर सुताचा भुगा फिटरसाहेबांच्या नाकात गेला. ते शिंकले की एकदा शिंकून थांबत नसत, ओळीनं पाच शिंका येत. दाभण हातातच होतं. पाच शिंका, पाच भोकं, आणि सगळी रेघेच्या बाहेर.

काकूंनी त्या पाच भोकांभोवती टाके घातले आणि पाच पाकळ्यांचं फूल केलं. शेवटची गाठ मारली तेवढ्यात बेल वाजली.

डॉक्टरीणबाईंनी पाच रुमाल पाहून "छान" म्हटलं. सहावा मात्र त्या खिडकीपाशी घेऊन गेल्या.

"अगंबाई, हे फूल! बाकीच्यांवर का नाही?"

"हा हातानं केलाय," काकू चाचरत म्हणाल्या. "ह्यांनी मदत केली."

"कसं सुचलं हो तुम्हाला?"

फिटरसाहेबांनी तोंड उघडलं. काकू घाईनं म्हणाल्या, "त्यांना ते आतूनच येतं."

"मग सगळा संच अस्साच हवा. हातानं, प्रत्येकावर फूल."

गुरुवारी दुकानदारानं तीन सुयांचं पाकीट पाठवलं. काकूंनी ते बटणांच्या डब्यात अगदी तळाशी दडवलं. समोर फिटरसाहेब दाभण घेऊन बसले होते. आता शिंक न येताही त्यांना फूल जमत होतं.

"अगं, सुया आल्या का?"

"छे हो! त्या दुकानदाराचं काही खरं नाही."

"असू दे," फिटरसाहेब भोक मोजत म्हणाले. "आल्या की आधी माझ्याकडे दे. पंख घासून ठेवतो."