दर्शनी खिडकी, मावशी, एक नग

जी वास्तू पडायला आली आहे पण अजून पडलेली नाही, तिला वारसा म्हणतात. (पडल्यावर तिला जबाबदारी म्हणतात, आणि ती मग कोणाचीच नसते.) जुन्या शहरात असा वारसा गल्लोगल्ली उभा होता. तो जपायला तीन संग्रहालयं, दोन समित्या आणि एक नोंदणी कारकून होता. त्यांतला काम करणारा फक्त कारकून, आणि घोळ तिथेच झाला.

एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता हा कारकून शिलाईमावशीच्या घरासमोर वही उघडून उभा राहिला. सरळ माणूस. दिसेल ते लिहायचं, एवढंच त्याला शिकवलेलं. त्याने लिहिलं: 'दर्शनी खिडकी, लाकडी, कोरीव, एक. नळ, गळका, एक. मांजर, झोपलेले, एक. वृद्ध स्त्री, निळ्या कोटाची बाही शिवताना, एक नग.' महिन्याभरात शिक्क्यासकट हुकूम आला, की वरील सर्व बाबी जैसे थे ठेवण्यात याव्यात.

मावशीला आधी बरंच वाटलं, खोटं कशाला बोला. तिच्या शिवणाची सोडून तिची स्वतःची दखल आजवर कोणी घेतली नव्हती. तक्रार होती ती तिच्या नवऱ्याची, काकांची. नोंद झाली तेव्हा ते अंघोळीला गेले होते.

"चाळीस वर्षं या घरात राहतोय," काका म्हणाले, "आणि माझी साधी तळटीपसुद्धा नाही?"

"लवकर आटपा म्हणून मी रोज ओरडते," मावशी म्हणाली.

जैसे थे म्हणजे काय, हे हळूहळू कळू लागलं. नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरला समज देऊन परत पाठवण्यात आलं. बाहीची नोंद 'शिवताना' अशी असल्याने ती शिवून संपवता येईना. मावशी सकाळी शिवायची, संध्याकाळी उसवायची. (कोटाचे मालक अजून एका बाहीवर दिवस काढताहेत.) मांजराने हुकूम वाचलेला नसल्यामुळे ते उठून निघून गेलं. समितीने त्याच्या जागी तातडीने भुसा भरलेलं मांजर बसवलं. बघायला येणाऱ्यांच्या अभिप्रायांच्या वहीत त्याचं मावशीपेक्षा जास्त कौतुक आहे.

अशात लेकीचा फोन आला.

"आई, डॉक्टर म्हणतात पुढच्या आठवड्यात कधीही. तू येतेयस ना? मला फार भीती वाटतेय गं."

मावशीने त्याच दिवशी अर्ज केला. उत्तर तिसऱ्या दिवशी आलं: 'अर्जदार ही दर्शनी भागाची अविभाज्य बाब असल्याने तिला हलवता येत नाही. तथापि, हुबेहूब प्रतिकृती बसवल्यास विचार करता येईल. प्रतिकृतीस अठरा महिने लागतात.' (लेकीला नऊच पुरणार होते, पण ते काम खात्याकडे नव्हतं.)

मावशीचा जीव थाऱ्यावर राहिना. जेवणाच्या सुट्टीत ती तडक संग्रहालयात गेली आणि कारकुनापुढे उभी राहिली.

"अहो, पहिलं बाळंतपण आहे पोरीचं. तिला भीती वाटतेय. मलाही वाटतेय."

"समजतंय हो मावशी," कारकून म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. "पण तुम्ही वहीत आहात."

मावशीने डोळे पुसले आणि उगाच इकडेतिकडे बघितलं. दालनाच्या मधोमध एक मोठी काचपेटी होती. आत मखमलीची उशी, उशीवर काहीही नाही, आणि पुढे पाटी: 'देखभालीसाठी हलवले आहे.' पेटीभोवती पंधरावीस माणसं आदराने उभी होती.

"हे काय होतं?"

"मुकुट. अकरा वर्षं झाली."

"कोणी विचारत नाही, कुठे गेला म्हणून?"

"नाही हो. फोटो काढतात."

दोघांनीही पुन्हा एकदा त्या पाटीकडे बघितलं. मग कारकुनाने नियमांचं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं, पाटीविरुद्ध काही सापडत नाही अशी खात्री केली आणि खण उघडला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मावशी गेली. खिडकीत तीच पाटी लागली: 'देखभालीसाठी हलवले आहे.' रिकामी खुर्ची बघून काका एकदा हौसेने जाऊन बसले, पण गट घेऊन आलेल्या गाईडने त्यांना नम्रपणे आत पाठवलं. खात्याच्या पाहणीनुसार पूर्वी माणूस मावशीपुढे सरासरी चार सेकंद थांबत असे, आता पाटीपुढे एकवीस थांबू लागला. समितीने अहवालात 'वारशाची स्थिती उत्तम, सुधारणा लक्षणीय' असा शेरा मारला.

तिकडे नात झाली. तीन किलो, आवाज खणखणीत. मावशी सहा आठवडे तिला मांडीवरून खाली ठेवेना. मग काकांचे हाल आठवले म्हणून परत आली आणि पाटी काढण्याआधी जरा टेकावं म्हणून आपल्या खुर्चीत बसली.

तुम्ही तेव्हा समोरच होतात. सुट्टी होती, ऊन छान होतं, फोन हातात होता.

"आजी, जरा सरकता का?" तुम्ही गोड आवाजात म्हणालात. "पाटी झाकली जातेय."

ती सरकली. फोटो तुमच्याकडे अजून असेल, उघडून बघा. पाटी अगदी स्वच्छ आली आहे. उजव्या कडेला कोणाचं तरी कोपर आलंय, तेवढं कापायचं तुमच्याकडून राहून गेलं.