न सांगता मारलेला फटका

तुम्ही चुकलात. काळा झगा आणि घोड्याच्या केसांचा टोप घालून न्यायाच्या उंच खुर्चीत बसणारे तुम्ही, आणि तुमच्या आधी त्याच खुर्चीत बसून गेलेले तुमचे सगळे वाडवडील, साफ चुकलात. माणसाच्या अंगाला त्याच्या मर्जीविरुद्ध बोट लावलं तरी गुन्हा, आणि बोट न लावता नुसता ‘आता लागणार’ असा धसका दिला तरी गुन्हा, हे ठरवताना तुमच्यातल्या एकाला तरी नेदर विकले गावच्या सोंगाड्याची आठवण झाली का? नाही झाली. तुम्ही कधी आमच्या ग्लॉस्टरशर परगण्यातल्या जत्रेत पायच ठेवला नसेल, तर आठवण कुठली व्हायला! म्हणून जत्रेच्या सोमवारी सिरिल पेग्लरवर गुन्हेगार ठरायची पाळी आली.

सिरिल एरवी शाळेसमोर ‘थांबा’ची गोल पाटी धरून पोरांना रस्ता ओलांडून द्यायचा. त्याने पाटी वर केली की दुधाची गाडीही थांबायची आणि मंत्र्याची असती तर तीही थांबली असती. म्हातारपणी त्याला मिळालेली एवढी एकच गादी, आणि ती तो राजासारखी सांभाळायचा. पण मे महिन्यातल्या जत्रेला गावातले गडी पायांत घुंगरं बांधून, रुमाल उडवत मॉरिसचा जुना नाच नाचायला लागले, की सिरिल पाटी घरी ठेवून चिंध्यांचा रंगीत कोट चढवायचा आणि सोंगाड्या व्हायचा. सोंगाड्याच्या हातात काठी, काठीच्या टोकाला दोरीने बांधलेला डुकराच्या मूत्राशयाचा वाळवलेला फुगा. त्या फुग्याचा फटका पाठीमागून, बेसावधपणी बसला, की वर्ष भरभराटीचं जाणार. समोरून, सांगून मारलेला फटका म्हणजे पाण्यात न बुडवलेली चहाची पुडी. त्यात काही उतरत नाही.

त्या दिवशी फुलझाडांच्या टेबलापाशी एक पाठ वाकलेली होती. रुंद, स्वच्छ, करड्या पँटमधली. एका हातात चहाचा कप धरून कुणीतरी लालभडक जिरेनियमच्या कुंडीवरची किंमत वाचत होतं. अशी पाठ सोंगाड्याच्या नशिबी वर्षातून एकदा येते. सिरिल चवड्यांवर चालत गेला आणि त्याने एक सणसणीत फटका ठेवून दिला.

“फटॅक!”

पाठ लायनेल व्हिटकॉम यांची निघाली. हे गृहस्थ लंडनमधल्या वकिलांच्या कचेरीतून निवृत्त होऊन नुकतेच गावात राहायला आले होते, आणि आल्या आल्या चर्चच्या घंटेविरुद्ध एक आणि शेजारच्या कोंबड्याविरुद्ध एक अशा दोन तक्रारी त्यांनी करून ठेवल्या होत्या. फटका बसताच ते उडाले, चहा पँटवर सांडला, तोल गेला, आणि ते मागच्या टेबलावरच्या हेस्टर ग्लीडबाईंच्या लिंबाच्या केकमध्ये सावकाश बसले.

“भाग्यवान आहात!” सिरिल म्हणाला आणि त्यांना उठवायला खाली वाकला. त्याच्या कोटाचं बटण लायनेलच्या डोक्यावरच्या, एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे मोठ्या कष्टाने पसरलेल्या केसांत अडकलं. सिरिलने हिसका दिला. बटण सुटलं, पण रिकाम्या हाताने आलं नाही.

“पोलीस!” लायनेल ओरडले.

पोलीस जवळच होती. कॉन्स्टेबल बेथनी कोल आइस्क्रीम खात नाच बघत उभी होती.

“बाई, माझ्यावर हल्ला झालाय!”

“कशाने?”

“डुकराच्या मूत्राशयाने.”

बेथनीने आइस्क्रीम या हातातून त्या हातात घेतलं. “कुठे लागलं?”

“ते मी बायकांसमोर सांगणार नाही. पण हे बघा!” लायनेलनी चिमटीत धरलेले केस पुढे केले. “केस म्हणजे शरीरच. वरच्या कोर्टाने तसं म्हटलंय. ही साधी मारहाण राहिली नाही, ही शारीरिक इजा झाली!”

“सिरिल,” बेथनी उसासा टाकून म्हणाली, “नक्की काय केलंस ते दाखव.”

सिरिल आयुष्यात कुणाशी खोटं बोलला नव्हता, आणि हाच त्याचा मोठा दोष होता. त्याने काठी उचलली आणि जशीच्या तशी तिच्या टोपीवर उगारली. बेथनी दचकून खाली बसली. आइस्क्रीम गणवेशावर पडलं.

“सिरिल! हासुद्धा हल्लाच झाला!”

“अगं, पण लागलं कुठे?”

“लागेल असं वाटलं ना मला! तेवढं पुरतं.”

“तूच म्हणालीस दाखव!”

“दाखव म्हणाले, भिववायला नव्हते सांगितलं!”

नवरा आगीतून फुफाट्यात चाललेला पाहून मॅव्हिस पेग्लर धावत आली. “पोरी, काय डोकं फिरलंय का तुझं? माझा सिरिल? अगं, आमचं लग्न झाल्यापासून मारतोय तो!”

“कुणाला?” बेथनीचा चेहरा बदलला.

“सगळ्यांना!”

सिरिलने डोळे मिटून घेतले. पण गाव म्हणजे गाव. आपल्या माणसाला वाचवायला जो तो पुढे सरसावला. “मला गेल्या वर्षी मारलं!” खाटीक म्हणाला. “मला तर चर्चच्या दारात, हातात प्रार्थनेचं पुस्तक असताना!” पाद्रीबाबांनी अभिमानाने सांगितलं. गुन्ह्यांची रास वाढत चालली. शेवटी चाकाच्या खुर्चीतून आयव्ही आजी गरजल्या, “आणि मला यंदा मारलंच नाही! आधी माझी तक्रार घे, पोरी. मी इथे सकाळपासून पाठ करून बसलेय!”

“या सगळ्यांना चालतं,” लायनेल थंडपणे म्हणाले. “मला विचारलं होतं का? संमती नाही, म्हणजे गुन्हा. मी कोर्टात जाणार.”

सिरिलला त्या फुग्याचं काही वाटत नव्हतं. त्याला दिसत होती ती पाटी. कोर्टाचा शिक्का बसलेल्या माणसाला शाळेच्या दारात कोण उभं करणार? “मॅव्हिस,” तो पुटपुटला, “माझी पाटी जाणार गं.” चिंध्यांच्या कोटात उभा असलेला तो पहिल्यांदाच खरोखर केविलवाणा दिसला.

तेवढ्यात गर्दी फाडून हेस्टर ग्लीडबाई आल्या. हातात लाकडी डाव.

“माझ्या केकवर कोण बसलं?”

सगळ्यांनी लायनेलकडे बघितलं. पुरावा त्यांच्या मागेच चिकटलेला होता.

“बसताना माझी परवानगी घेतली होतीत?” हेस्टरबाईंनी डावाचं टोक त्यांच्या छातीवर टेकवलं.

“बाई, तुम्ही मला स्पर्श केलात! कायद्याने हा…”

“केला! आणि हा दुसरा! आणि हा तिसरा, माझ्या लिंबांसाठी!”

चौथ्या वेळी लायनेलनी त्यांचं मनगट पकडलं. घट्ट.

“मिस्टर व्हिटकॉम,” बेथनी गोड आवाजात म्हणाली, “आता तुम्ही बाईंचा हात धरलाय. त्यांच्या मर्जीने का?”

लायनेलचा चेहरा जिरेनियमच्या रंगाचा झाला, पण गोंधळात हात सोडायचंच राहून गेलं. नवऱ्यामागे बरीच वर्षं एकटीने संसार ओढलेल्या हेस्टरबाईंनी त्या हाताकडे बघितलं, मग त्या हाताच्या मालकाकडे.

“मी अजून ठरवलं नाही,” त्या म्हणाल्या.

यावर कोर्टात जायची हिंमत कुणाची होणार? बेथनीने जागच्या जागी समेट घडवला. सिरिलने माफी मागायची आणि प्रकरण तिथेच मिटवायचं. लायनेलनी एकच अट घातली: यापुढे सोंगाड्याने प्रत्येक फटक्याआधी समोर जाऊन, मोठ्याने परवानगी विचारायची. पाटीसाठी सिरिल कबूल झाला. मग तो माणसामाणसासमोर उभा राहून विचारू लागला, “मारू का?” लोक “हो” म्हणायचे आणि डोळे घट्ट मिटून घ्यायचे, जसं दाताच्या डॉक्टरपुढे मिटतात. आयव्ही आजी म्हणाल्या, “हा फटका नव्हे मेल्या, ही लस झाली!”

आणि व्हायचं तेच झालं. त्या वर्षी गावाची क्रिकेटची टीम शेजारच्या गावाकडून हरली, बटाट्यावर रोग पडला, चर्चचं छप्पर नेमकं पाद्रीबाबांच्या डोक्यावर गळलं. अख्ख्या नेदर विकलेत एकाच माणसाची भरभराट झाली. त्याच्या बागेतल्या सुवासिक स्वीट पीच्या फुलांना पहिलं बक्षीस मिळालं, कंबरेतली जुनी कळ पळाली, आणि पँट धुवून द्यायला आलेल्या हेस्टरबाईंनी एकदाचं काय ते ठरवलं. लग्न ठरलं पुढच्या जत्रेनंतरच्या जूनमध्ये. न विचारता मारलेला शेवटचा अस्सल फटका कुणाला बसला होता, हे गावाला ठाऊक होतं. लायनेलना तर चांगलंच ठाऊक होतं.

पुन्हा जत्रा आली. फुलझाडांच्या टेबलापाशी तीच करडी पाठ वाकलेली. हेस्टरबाईंनी केक आधीच उचलून पलीकडे ठेवलेला. सिरिल नियमाप्रमाणे पुढून गेला.

“मिस्टर व्हिटकॉम, मारू…”

“चूप!” लायनेल कुंडीत तोंड घालून कुजबुजले. “विचारू नकोस, गाढवा! मला काही माहीत नाही. मी बेसावध आहे. मागून ये!”

सिरिल मागे गेला. काठी उगारली. आणि मागे वळून बघतो तर बेथनी, हातात आइस्क्रीम.

“विचारलंस का, सिरिल?”

“ते नको म्हणतात.”

“मारायला नको म्हणतात?”

“विचारायला नको म्हणतात.”

बेथनीचं आइस्क्रीम वितळायला लागलं. असल्या पेचाचं पोलिसांच्या शाळेत तिला कुणी काही शिकवलं नव्हतं.

तेव्हा आता तुम्ही बोला, टोपवाले! विचारून मारला तर तो फटका नव्हे, न विचारता मारला तर तुमचा गुन्हा. काठी वर आहे. काठीखाली एका नवरदेवाचं नशीब आहे आणि काठीमागे एका म्हाताऱ्याची पाटी आहे. वाकून वाकून लायनेलच्या कंबरेतली कळ परत यायला लागलीय. मारायचं की नाही? एका शब्दात सांगा. गाव थांबलंय.